बाटलीभर दूध आणि वयाची रेषा

ब्रिटनमधील मोफत दुधाचा विषय निघाला की आपल्या गोटात मार्गारेट थॅचर यांचे नाव घेतले जाते आणि चर्चा तेथेच संपते. १९७१ साली हीथ मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री असताना त्यांनी सात वर्षांवरील मुलांचे शाळेतील दूध बंद केले. 'दूध हिरावणारी' ही उपाधी त्यांना जन्मभर चिकटली, ती रास्तच होती. परंतु समाजवाद्यांना अधिक बोचावी अशी तारीख त्याआधीची आहे.

१९४६ साली ॲटलींच्या मजूर सरकारने कायदा करून शाळकरी मुलांना रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर, दूध विनामूल्य दिले. १९३४ पासून त्याला अर्धा पेनी पडत असे. पैशाच्या बचतीहूनही महत्त्वाचे हे की, खाणमजुराचा मुलगा आणि कारकुनाची मुलगी एकाच खोक्यातून बाटली उचलू लागली. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे बाटलीवरून कळत नसे.

१९६७ च्या अखेरीस पौंडाचे अवमूल्यन झाले, काटकसरीची टूम निघाली आणि १९६८ साली विल्सन यांच्या मजूर सरकारनेच माध्यमिक शाळांतील दूध बंद केले. तत्त्व तेथे मोडले. हुजूर पक्षाला पुढे केवळ वयाची रेषा खाली ओढायची होती. १९७१ च्या कायद्याने सात वर्षांवरील प्राथमिक विद्यार्थ्यांना दूध ठेवले तेही प्रकृतीच्या कारणास्तव, डॉक्टरी दाखल्यावर! हक्काचा असा अर्ज झाला. वेल्समधील मर्थर टिडफिलच्या मजूर नगरपरिषदेने हा कायदा धुडकावून पाहिला, तेव्हा खर्च सदस्यांकडूनच वसूल करण्याची धमकी आली.

२०१० साली पाच वर्षांखालील बालकांचे दूधही बंद करण्याची सूचना आरोग्य खात्याच्या एका मंत्र्यांनी केली. पंतप्रधान कॅमेरॉन यांच्या कार्यालयाने ती त्याच दिवशी फेटाळली. त्यामागे कनवाळूपणा किती आणि जुन्या उपाधीची धास्ती किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिशुगृहांतील ते दूध आजही चालू आहे.

'गरजूंनाच द्या' हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे १९९७ साली रेशनव्यवस्था 'लक्ष्यित' केली गेली ती याच आधारावर. तेव्हापासून धान्याच्या दर्जासाठी भांडायचे सोडून आपले कार्यकर्ते पिवळ्या कार्डांचे अर्ज भरीत बसले आहेत.