चार तारा, पाच तारे

आमच्या चिरंजीवांनी बारावीच्या निकालानंतर बास गिटार मागितली, तेव्हा मी प्रथम तारा मोजल्या. साध्या गिटारला सहा, बासला चार. माझ्यातला बी.कॉम. तत्काळ म्हणाला, दोन तारा कमी म्हणजे किंमतही त्या प्रमाणात उतरणार. ती चढलेली निघाली! वाणिज्य शाखेवरचा माझा विश्वास तेव्हाच डळमळला.

चिरंजीवांच्या मते दुकानदार फसवतो. त्यापेक्षा लोकांचे अभिप्राय वाचून घरबसल्या मागवावी. म्हणजे एका ओळखीच्या माणसाकडून फसण्याऐवजी सातशे अनोळखी माणसांकडून फसायचं. पण मी पडलो बँकेतला कारकून. व्हाउचर पाहिल्याशिवाय दहा रुपये न सोडणारा. म्हटलं, सगळे अभिप्राय तपासतो.

वाचकहो, दोन रात्री जागून मी ते तपासले. सरासरी होती पाचपैकी ४.३ तारे. पण सरासरी कशाची? एका गृहस्थांनी पाच तारे दिले होते, कारण पार्सल आणणारा मुलगा सौजन्याने वागला. दुसऱ्याने एकच दिला, कारण त्याचं पार्सल दोन दिवस उशिरा आलं. तिसऱ्याने भाच्याच्या वाढदिवसासाठी घेतली होती; भाच्याने खोका अजून उघडला नव्हता, पण मामा अत्यंत समाधानी होते. गिटार वाजवून पाहिली, असं कबूल करणारे अगदी थोडे.

मग तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले. हे लोक वाजवतात झकास. पण असा माणूस खाटेच्या सुंभावरही झकास वाजवील! शेवटी घाईघाईत सांगतात, की गिटार कंपनीनेच पाठवली आहे. मुलीच्या बापाच्या देखत पाहुण्याला ‘जेवण कसं होतं?’ विचारण्यातला हा प्रकार. शिवाय आपण ऐकतो मोबाइलवर. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तो मूळ स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. वरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात आणि उरलेलं आपला मेंदू पदरचं घालतो. मोबाइलवर बास ऐकून मत देणं म्हणजे फोटो बघून पापलेट ताजं ठरवणं.

यावर शहाणे लोक म्हणतात, “अहो, हजार जणांची मतं असली की चुका आपोआप कटतात.” साफ खोटं! इकडच्या-तिकडच्या चुका कटतात, एकाच बाजूच्या चुका साचतात. हजार जणांनी पहिल्याच दिवशी, तारा कोऱ्या करकरीत असताना मत दिलं, तर ते हजार दिवसांचं मत होत नाही. पहिल्या दिवसाचंच मत हजारदा छापलं जातं. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नव्हे, हे आम्हाला अकरावीच्या बुककीपिंगमध्येच शिकवलं होतं.

एवढं ज्ञान असूनही माझ्या हातून पाप घडलंच. गिटार मे महिन्यात आली. पुढे डोंबिवलीत पाऊस सुरू झाला आणि आषाढात जाड तार खरखरू लागली. मी तिरीमिरीत एक तारा दिला आणि खाली ‘ग्राहकाची घोर फसवणूक’ असं ठोकून दिलं. आठवड्याने गिटार एका कारागिराकडे नेली. गिटारच्या मानेत एक पोलादी सळई असते. हवेतला ओलावा बदलला की लाकूड हलतं. मान नको तितकी ताठ झाली, की तार खालच्या पट्ट्यांना घासते. (हा नियम बँकेतही लागू आहे.) त्याने सळईला पाव फेरा दिला. खरखर थांबली. म्हणाला, “साहेब, गिटार चांगली आहे. हवा बदलली, एवढंच.”

मला एकदम आमच्या काउंटरवरची तक्रारवही आठवली. बँकेची लिंक जाते. ती मी तोडत नाही, मला जोडताही येत नाही. पण वहीत ‘लिंक नव्हती’ असं कोणी लिहीत नाही. ‘कर्मचारी उद्धट’ असं लिहितात. वीस वर्षं मी हे सोसतोय, आणि मीच तेच केलं! कुठल्याशा कारखान्यात त्या मानेवर पट्ट्या बसवणाऱ्या माणसाच्या नावावर मी खोटी खर्ची टाकली. त्याला तर उलट उत्तर द्यायला काउंटरसुद्धा नाही.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ नावाचं मानक काढलं. लिहिणारा माणूस खरा आहे का, हे तपासा, असं त्यात आहे. उत्तम! पण खरा माणूसही खोटं मत देऊ शकतो, याचा पुरावा प्रस्तुत लेखक आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नॅरेशन नसलेलं व्हाउचर आम्ही पास करत नाही. तसंच, किती दिवस वापरली, कशावर ऐकली, पैसे कोणी भरले आणि बिघडल्यावर कोणाला दाखवली, या चार नोंदी नसतील तर ते तारे मोजूच नयेत. चार तारांना चार नोंदी, फार नाही मागत.

त्याच रात्री मी अभिप्राय दुरुस्त केला. चारही नोंदी लिहिल्या, माझी चूक लिहिली आणि एकाचे चार तारे केले.

“पाचवा का नाही?” चिरंजीवांनी विचारलं.

म्हटलं, “खोका फाटका होता.”