ऑफिस सुटल्यावर तुम्ही काय करता?

रविवारचा प्लॅन एकदम सिंपल होता. पहाटे खारघरहून निघायचं, ऊन चढायच्या आत कर्नाळा करायचा, उतरल्यावर मिसळ हाणायची आणि दुपारी घरी येऊन ताणून द्यायची. प्लॅन तसाच पार पडलाही असता, पण परतताना आमच्या गँगमधल्या एकाला चहाची तल्लफ आली आणि गाडी शिरढोणला थांबली.

शिरढोण म्हणजे पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे लागणारं गाव. आपण सगळे इथून शंभर वेळा गेलोय. अलिबागला जाताना, गणपतीत गावाला जाताना. थांबलोय किती वेळा? निदान मी तरी एकदाही नाही. चहा येईपर्यंत टाइमपास म्हणून विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?" चहावाले काका म्हणाले, "फडक्यांचा वाडा हाय ना. आत्ता गुरुजी पोरांना माहिती सांगतायत. जावा की!"

फडके म्हणजे आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके. आमच्यासाठी ते पनवेलचं नाट्यगृह. नाटकाची तिकिटं काढताना 'फडकेला आहे का गं?' असं विचारतो ना, तेच. ज्या माणसाचं नाव त्या नाट्यगृहाला दिलंय, तो माणूस आपल्या घरापासून इतक्या जवळ जन्मला, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

वाड्यापाशी वीस-पंचवीस शाळकरी मुलं मांडी घालून बसली होती आणि समोर एक निवृत्त गुरुजी. ना माइक, ना प्रोजेक्टर. आम्ही मागे उभे राहिलो, पाच मिनिटांत सटकू म्हणून. पाऊण तास हललो नाही.

गुरुजींनी सुरुवातच भारी केली. कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याकडे हात करून म्हणाले, "वासुदेवाचे आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला. त्यानंतर २७ वर्षांनी, ४ नोव्हेंबर १८४५ ला, वासुदेव इथे जन्मला. आजोबांचा गेलेला किल्ला बघतच तो लहानाचा मोठा झाला." दोन तासांपूर्वी आम्ही त्याच सुळक्यासमोर सेल्फी काढत होतो!

पुढची गोष्ट मात्र किल्ल्याची नव्हती, नोकरीची होती. हे क्रांतिवीर चक्क नोकरदार होते. पुण्यात, लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. रोज ऑफिस, आकडेमोड, वर गोरा साहेब. थोडीथोडकी नाही, जवळजवळ १५ वर्षं. मग एकदा गावाहून आई फार आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. साहेबाने ती वेळेवर दिली नाही. फडके घरी पोचले तोवर आई गेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही.

इथे मी गप्प झाले. माझी आजी गेली तेव्हा माझं क्वार्टर एंड चालू होतं. आईचा फोन आला होता, 'येऊन जा गं.' मी म्हटलं, शुक्रवारी येते. आजी बुधवारी गेली. मला कोणी रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती.

तेवढ्यात एका पोराने हात वर केला. "गुरुजी, नोकरी चांगली होती, तर सोडली कशाला?"

गुरुजी म्हणाले, "भाषणं ऐकली म्हणून." पोरं खिदळली. आम्हीपण.

पण ते खरंच होतं. त्या काळात पुण्यात महादेव गोविंद रानडे आणि सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, स्वदेशीवर जाहीर व्याख्यानं द्यायचे. देशाचा पैसा बाहेर कसा जातो, इथले धंदे कसे बसले, याचा हिशेब मांडायचे. फडके स्वतः हिशेब खात्यातले, त्यांना तो बरोब्बर कळला. मग ते स्वतःच बोलायला लागले. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत जायचे. गुरुजी सांगत होते, की पुण्याच्या रस्त्यांवरून थाळी वाजवत ते आपल्याच भाषणाची दवंडी द्यायचे. कारकुनाने रस्त्यात थाळी वाजवायची? ऑफिसमधल्या लोकांनी काय काय म्हटलं असेल, कल्पना करा!

नंतरची गोष्ट आपण शाळेत दोन ओळींत वाचलेली. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ, रामोशी साथीदारांना घेऊन १८७९ मध्ये केलेलं बंड, डोक्यावर लागलेलं इनाम आणि त्याला उत्तर म्हणून फडक्यांनी थेट गव्हर्नरच्या डोक्यावर लावलेलं इनाम. बंड फसलं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला तेव्हा वकील म्हणून कोण उभं राहिलं? तेच सार्वजनिक काका! शिक्षा झाली, एडनला रवानगी झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच ते गेले. वय ३७. म्हणजे आपल्याकडे या वयात माणूस जेमतेम मॅनेजर होतो.

परतीच्या वाटेवर गाडीत नेहमीची गाणी कोणी लावली नाहीत. आमच्यातला एक जण नेहमी म्हणतो, 'नवी मुंबईला हिस्टरीच नाही यार, सिडको १९७० मध्ये आली, त्याआधी नुसती खाडी आणि भातशेती.' तो एवढंच म्हणाला, "साला, आपण इतकी वर्षं नुसते गेलो इथून."

मला वाटतं, फरक जागेचा पडतो. हीच माहिती मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते, पण मोबाइलवर समोर तो सुळका नसतो. ज्या गावात आईचा निरोप लिहिला गेला, त्या गावात उभं राहून रजेची गोष्ट ऐकली, की ती आपल्या रजेच्या अर्जापर्यंत येऊन पोचते. आणि बोलणारा माणूस समोर असला, की पोरगं हात वर करून सरळ विचारू शकतं, सोडली कशाला?

भाषणं ऐकायची म्हणजे रिटायर्ड लोकांचा उद्योग, हा आपला एक आवडता गैरसमज. रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला ही परंपरा अजून चालवतेय. तिच्या पहिल्या काळातले श्रोते काय सगळे पेन्शनर होते? फडके ती स्वदेशीची भाषणं ऐकत होते तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते. ऑफिस सुटल्यावर जाऊन बसत होते, बस्स.

तर मंडळी, पनवेलपर्यंत हार्बर लोकल, पुढे पेणच्या दिशेची एसटी किंवा रिक्षा. अर्धा दिवस पुरतो. ४ नोव्हेंबर आणि १७ फेब्रुवारी या तारखा कॅलेंडरवर मार्क करून ठेवा. जयंती-पुण्यतिथीला शिरढोणला अभिवादनाचे कार्यक्रम होतात, कोणी ना कोणी बोलतंच. कामाचा वार असला तर?

रजा टाका. आपल्याला मिळते.