शिळा झेंडू

दसऱ्याच्या आदल्या पहाटे मी पंचवटीत झेंडूच्या ढिगांची छायाचित्रे काढली आणि घरी येऊन त्यांतले एक कृष्णधवल केले. मित्रांनी ‘काय कलात्मक!’ म्हणून पाठ थोपटली. महाविद्यालयाच्या प्रदर्शनातही ते लागले. मग ज्यांचा तो ढीग होता त्या मावशींना मी हौसेने एक प्रत नेऊन दिली. त्यांनी ती उन्हात धरली नि म्हणाल्या, “बाळा, हा शिळा माल कुणाचा रे? माझा नाही हा.”

तेव्हा हसलो, पण रात्री ते वाक्य झोपू देईना. कारण मावशींचे बरोबर होते. झेंडू ताजा की शिळा हे त्या रंगावरून आणि पाकळीच्या ताठपणावरून ओळखतात. रंग तर मी काढलाच होता. ताठपणाही घालवला होता.

आपल्याला वाटते, बटण दाबले की रंग निघून जातो. तसे नाही. प्रत्येक रंगाला करड्याची एखादी छटा द्यावीच लागते, आणि ती कोणती हे आपण ठरवले नाही तर यंत्र ठरवते. सर्वसाधारण हिशेब असा: हिरवा सुमारे ५९ टक्के, लाल ३०, निळा ११. या हिशेबाने लाल गुलाब आणि त्याचे हिरवे पान जवळजवळ एकाच करड्यात बुडतात. मोगल अमदानीत ज्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत, तिथल्या गुलाबाची ही दशा! पूर्वी फिल्मवाले यासाठी भिंगापुढे लाल काच लावीत. पाकळी उजळे, पान काळवंडे. आता संगणकावर तिन्ही रंगांचे प्रमाण हाताने बदलता येते. मी झेंडूत लाल भरमसाट वाढवला होता. केशरी फुलात लाल आधीच काठोकाठ, त्यामुळे पाकळ्यांच्या चुण्या पुसल्या गेल्या आणि उरला भुरका गोळा. चुण्या होत्या त्या हिरव्यात.

माझे मत असे, की जिथे रंग हाच विषय आहे तिथे तो काढणे ही कला नव्हे, आळस आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रफितीवर टिपली. त्या रोपाचा हिरवा रंग कुणाला आठवत नाही, कारण दाखवायचे होते ते वाढणे. निशिगंध, तगर, धोतरा यांचेही तसेच. त्यांचा घाट आणि त्यांवरची सावली पुरेशी बोलते. झेंडूचे काय? दसऱ्याच्या दारावरचा करडा झेंडू कुणी बांधील का? (आमच्या प्रदर्शनात मात्र रंगीत फूल म्हणजे कॅलेंडर, आणि तेच काळे केले की कलाकृती, असा दंडक होता.)

हट्टाने मी ते चित्र पुन्हा केले, या वेळी हिरव्याचा आधार घेऊन. चुणी न् चुणी उठली. सोबत काळ्या कापडावरचा एक निशिगंधही नेला. मावशींनी दोन्ही निरखली. “आता ताजा दिसतोय,” झेंडूकडे बघून म्हणाल्या. पण तराजूमागच्या खिळ्याला अडकवला तो निशिगंध. झेंडू माझ्या हातात परत ठेवीत म्हणाल्या,

“याच्यात रंग भरून आण.”