खातं बाईचं, ओटीपी दुसऱ्याच्या हातात. साक्षरता वर्ग सहीपुरते राहून कसं चालेल?

पैसे बाईच्या खात्यावर जमा होतात, पण मेसेज वाचून दाखवायला मुलगा, पुतण्या नाहीतर सेतू केंद्रातला पोरगा लागतो. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये थेट महिलांच्या खात्यावर येऊ लागले. २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. आधार नंबर टाका, ओटीपी भरा, ही सगळी कामं वाचता येणाऱ्याची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी फोनच दुसऱ्याच्या हाती दिला. खातं नावावर झालं, पण कारभार हातात आला नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ८८ टक्के पुरुष साक्षर होते, तर महिला सुमारे ७६ टक्के. ग्रामीण भागात हे अंतर आणखी मोठं आहे. लहानपणी भावाला शाळेत पाठवलं आणि बहिणीला धाकट्यांना सांभाळायला घरी ठेवलं, त्याचा हा हिशोब.

हे अंतर भरून काढायला केंद्राचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ. १५ वर्षांवरील कोणालाही त्यात मोफत शिकता येतं आणि शिकवायला गावातलेच स्वयंसेवक असतात. शेवटी १५० गुणांची चाचणी होते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. पास होणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. आर्थिक आणि डिजिटल साक्षरताही याच कार्यक्रमात धरलेली आहे. म्हणजे पासबुक कसं वाचायचं, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही शिकवणं अपेक्षित आहे. चाचणी झाली की वर्ग बंद, असं झालं तर नेमकं हेच राहून जातं.

दुसरी अडचण वेळेची. वर्ग संध्याकाळी ठेवला तर चूल कोण पेटवणार? पुरुष जेवून येईल, बाई भांडी घासत बसेल. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिची वेळ दुपारी दोन ते चार ठेवली होती. घरकाम आटोपून आज्या गुलाबी लुगडं नेसून शाळेत येत. बायकांच्या सवडीने वर्ग ठेवला, तर वय आड येत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण ठराव न वाचता सही करावी लागली, तर खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे बदलणार कसं?

त्यामुळे येत्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत: गावातला साक्षरता वर्ग किती वाजता भरतो, आणि ती वेळ बायकांना विचारून ठरली का? घरातही एक काम आहे. पुढचा ओटीपी आला की मुलाने फोन काढून न घेता आईच्या शेजारी बसावं. आकडे सहाच असतात, ते आईलाच वाचू द्यावेत.