बरणीवर दिजाँ, दाणा कॅनडाचा

फ्रान्समध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात सुपरमार्केटमधील एक ठरावीक फळी रिकामी पडू लागली. व्हिनेगर होते, ऑलिव्हचे तेल होते. पण मोहरीच्या बरण्या दिसेनाशा झाल्या होत्या. ज्या दुकानांत माल येत असे, तेथे 'एका ग्राहकास एकच बरणी' अशा पाट्या लागल्या. सॅलडवर घालावयाचे व्हिनेग्रेट नावाचे ड्रेसिंग हा फ्रेंच घराघरांतील रोजचा पदार्थ. तेल, व्हिनेगर आणि चमचाभर दिजाँ मोहरी एवढ्यावर तो तयार होतो. मोहरी नसेल तर तेल आणि व्हिनेगर एकजीव होत नाहीत आणि चवही येत नाही. फ्रेंच पद्धतीच्या मेयोनेजलाही मोहरी लागतेच. दरडोई वर्षाला सुमारे १ किलो मोहरी खाणाऱ्या या देशात त्या रिकाम्या फळीची बातमी पहिल्या पानावर गेली, यात नवल नाही.

मराठी वाचकाला या बरणीतला पदार्थ वाटतो तितका परका नाही. काकडीच्या किंवा केळ्याच्या रायत्यात आपण फेसलेली मोहरी घालतो. दिजाँ मोहरी हा त्याच कृतीचा युरोपीय अवतार. दाणा पाण्याबरोबर वाटला की त्यातील घटक आणि विकर एकत्र येतात आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. गरम तेलात तडतडलेल्या मोहरीला तो झणका नसतो, कारण उष्णतेने विकर निकामी होते. दिजाँसाठी वापरली जाणारी तपकिरी मोहरी 'ब्रासिका जन्सिया' या प्रजातीची, म्हणजे आपल्या फोडणीतल्या मोहरीच्या कुळातलीच. प्रश्न असा की, ज्या गावाच्या नावाने ही मोहरी जगभर विकली जाते, त्या गावाच्या देशातच तिचा तुटवडा का व्हावा?

नाव गावाचे, कृती सरकारी

दिजाँ हे पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचे मुख्य शहर. तेथे मोहरी वाटण्याची परंपरा मध्ययुगापासूनची आहे. तथापि १९३७ साली फ्रेंच सरकारने 'दिजाँ मोहरी' म्हणजे काय हे ठरविले, तेव्हा त्यात उत्पादनाची पद्धत सांगितली. दाणा कोठला असावा किंवा कारखाना कोठे असावा याचे बंधन घातले नाही. त्यामुळे दिजाँ हे नाव एका कृतीचे नाव झाले. ती कृती पाळून कोणत्याही देशात 'दिजाँ' मोहरी करता येते आणि केली जातेही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बर्गंडीतील शेतकरी मोहरीपासून दूर गेले. अनुदान आणि चांगला भाव मिळणारी दुसरी पिके त्यांना परवडत होती. मोहरीची जागा कॅनडाने घेतली. सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांतील विस्तीर्ण, कोरडी शेते, यंत्रांनी होणारी शेती आणि स्वस्त दाणा यांपुढे बर्गंडीच्या छोट्या शेतांचा टिकाव लागला नाही. कालांतराने फ्रेंच कारखान्यांना लागणाऱ्या दाण्यापैकी सुमारे ८० टक्के दाणा कॅनडातून येऊ लागला. २००९ मध्ये युनिलिव्हरने 'आमोरा' मोहरीचा दिजाँ शहरातील कारखानाही बंद केला आणि उत्पादन जवळच्याच उपनगरात एकवटले. बरणीवरील नाव मात्र तेच राहिले.

त्याच २००९ साली 'बर्गंडी मोहरी' या वेगळ्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. या मोहरीसाठी दाणा बर्गंडीचाच हवा आणि वाइनही बर्गंडीचीच. म्हणजे खरोखर त्या मातीची असलेली मोहरी दिजाँ या नावाने नव्हे, तर दुसऱ्याच नावाने संरक्षित आहे. बाजारातील तिचा वाटा अर्थातच लहान.

तीन आघात

या रचनेवर लागोपाठ तीन आघात झाले. पहिला आघात कॅनडातील उष्णतेचा. जून २०२१ च्या अखेरीस पश्चिम कॅनडावर उष्ण हवेचा घुमट बसला. २९ जून रोजी ब्रिटिश कोलंबियातील लिटन या गावी ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हा त्या देशातील विक्रम होय. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रेअरीच्या पट्ट्यात तीव्र दुष्काळ पडला. मोहरी हे तुलनेने कमी पाण्यावर तग धरणारे पीक. असे असूनही कॅनडाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आले.

दुसरा आघात घरचाच होता. बर्गंडीत पुन्हा मोहरी लावण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकापासून सुरू होते आणि त्यांना यशही येत होते. पण ऊबदार हिवाळे आणि पिकावर पडणारे भुंगेरे यांनी शेतकऱ्यांना जेरीस आणले. त्यातच काही कीटकनाशकांवर युरोपात बंदी आली आणि त्यांना तितकाच परिणामकारक पर्याय हाती नव्हता. २०१६ मध्ये १२ हजार टनांच्या आसपास असलेले तेथील उत्पादन २०२१ पर्यंत सुमारे ४ हजार टनांवर घसरले. परदेशातला पुरवठा कोसळला, त्याच वर्षी घरचाही आधार लुळा पडलेला होता.

तिसरा आघात युद्धाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. हे दोन्ही देश मोहरी पिकवतात. तेथील दाणा प्रामुख्याने सौम्य, पिवळा असतो आणि तो दिजाँसाठी वापरला जात नाही. पण जर्मनी व पूर्व युरोपातील जे कारखाने तो घेत असत, ते आता इतरत्र दाणा शोधू लागले आणि आधीच आटलेल्या बाजारात आणखी गिऱ्हाइके आली. त्याच सुमारास युक्रेनचे सूर्यफूल तेलही युरोपच्या दुकानांतून कमी झाले. सॅलडच्या ड्रेसिंगमधील दोन घटक एकाच वर्षी दुर्मीळ व्हावेत, असा हा योग होता.

फळी रिकामी होण्याचे गणित

उत्पादन घटले की भाव वाढतो. पण माल पूर्णपणे नाहीसा का होतो? याचे एक कारण पिकाच्या वेळापत्रकात आहे. प्रेअरीत मोहरी वसंतात पेरली जाते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काढली जाते. २०२१ चे पीक गेले म्हणजे पुढचे पीक येईपर्यंत, २०२२ च्या शरदापर्यंत, दुसरा मार्ग नाही. जादा पैसे मोजूनही शेतात नसलेला दाणा मिळत नाही. दुसरे कारण फ्रान्सच्या किरकोळ व्यापारातील पद्धतीचे. मोठ्या साखळी दुकानांचे उत्पादकांशी वर्षातून एकदा, मार्चच्या आरंभापर्यंत, भाव ठरतात. कच्च्या मालाचा भाव वर्षाच्या मध्यात दुपटीवर गेला तर तो लगेच विक्रीच्या किमतीत उतरत नाही. ज्या बाजारात किंमत तुटवड्याची सूचना वेळेवर देत नाही, तेथे ती सूचना रिकाम्या फळीकडून मिळते. तिसरे कारण ग्राहकांचे. टंचाईची बातमी पसरताच एकाऐवजी तीन बरण्या घेणारे निघाले. ज्या देशात खप सर्वाधिक, तेथील साठाही सर्वांत आधी संपतो.

पुढच्या हंगामात चित्र पालटले. वाढलेल्या भावामुळे कॅनडात मोहरीची लागवड वाढली, पाऊस साथीला आला आणि २०२२ चे पीक भरघोस निघाले. बर्गंडीतही कारखानदारांनी शेतकऱ्यांना चढा भाव देऊ केला आणि तेथील लागवडीचे क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले. २०२३ मध्ये बरण्या परतल्या, अर्थात वाढीव किमतीने.

यातून 'सर्व काही घरीच पिकवा' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. २०२१ मध्ये बर्गंडीचेही पीक फसलेच होते. केवळ तेथील दाण्यावर विसंबणारा कारखाना त्या वर्षी अधिकच अडचणीत आला असता. दोष आयातीचा नव्हता. सर्वांत स्वस्त दाणा जेथे मिळेल तेथूनच जवळजवळ सगळा घ्यायचा आणि उरलेल्या वाटा मोडकळीस येऊ द्यायच्या, या हिशेबाचा तो दोष होता. वर्षानुवर्षे बरणीमागे काही सेंट वाचले. त्याची किंमत एका उन्हाळ्यात चुकवावी लागली.

आपली ताटे

ज्या प्रेअरीत फ्रान्सची मोहरी पिकते, तेथेच भारतात येणाऱ्या मसुरीचा मोठा हिस्सा पिकतो. २०२१ च्या त्याच दुष्काळात कॅनडाच्या मसुरीचेही मोठे नुकसान झाले. देशात डाळींचे भाव चढलेले होते. त्या जुलैत केंद्र सरकारने मसुरीवरील मूळ आयात शुल्क शून्यावर आणले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये कृषी अधिभारही काढला. एकाच शेतीपट्ट्यातल्या कोरड्या उन्हाळ्याचे पडसाद पॅरिसच्या सॅलडमध्ये आणि मुंबईच्या आमटीत असे एकाच वेळी उमटले.

खाद्यतेलाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. युद्धाने सूर्यफूल तेलाची वाट अडविली, त्यापाठोपाठ २८ एप्रिल २०२२ पासून इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती २३ मे रोजी उठली. पण जेमतेम चार आठवड्यांचा एका परक्या सरकारचा निर्णय आपल्या किराण्याच्या यादीवर किती परिणाम करू शकतो, हे त्या काळात प्रत्येक घराने अनुभवले.

बर्गंडीच्या शेतकऱ्याने मोहरी सोडली, तशी महाराष्ट्राने करडई सोडली. मराठवाडा आणि सोलापूर या पट्ट्यात रब्बीच्या कोरड्या जमिनीत ज्वारीबरोबर करडई घेतली जात असे आणि तिचे तेल घराघरांत वापरले जाई. करडईत महाराष्ट्र देशात आघाडीवर होता. काटेरी पिकाची काढणी कष्टाची, भावाची खात्री नाही आणि समोर सोयाबीन व हरभऱ्याचे पर्याय. गेल्या काही दशकांत हे क्षेत्र आक्रसत गेले. करडईचे तेल संपलेले नाही. पण ते आता साध्या किराणा दुकानात सहज मिळत नाही आणि मिळाले तरी महाग पडते. ही फळी एका उन्हाळ्यात रिकामी झाली नाही, म्हणून तिची बातमी झाली नाही.

नावाचा प्रश्नही आपल्याला नवा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग परिसरातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते अन्य ठिकाणचा आंबा कोकणच्या नावाने विकला जात असल्याच्या तक्रारींच्या पार्श्वभूमीवर. दिजाँने ही दक्षता वेळीच घेतली नाही आणि नाव हातून गेले. मात्र मानांकनाने नाव राखता येते, पीक राखता येत नाही. बर्गंडीत मोहरीचे क्षेत्र वाढले ते मानांकनामुळे नव्हे. शेतकऱ्याच्या हाती परवडणारा भाव पडला म्हणून. करडई किंवा अन्य कोणतेही कोरडवाहू तेलबियांचे पीक परत आणावयाचे असेल, तर धोरणाला तेथूनच सुरुवात करावी लागेल: पेरणीपूर्वी ठरलेला भाव, खरेदीची हमी आणि काढणीचे कष्ट कमी करणारे संशोधन. टंचाई आल्यावर शुल्क कमी करणे हा तातडीचा उपाय झाला. जगात ज्याच्याकडे माल आहे, त्याच्याकडून तो आणण्यापुरताच त्याचा उपयोग. माल कोणाकडेच नसेल, तर शून्य शुल्कानेही फळी भरत नाही.