तांब्याचा पोचा

आमच्या धाकट्या कन्येने यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचे ठरवले आणि घरातल्या पितळी तांब्याचे नशीब उघडले. वस्तुचित्राच्या सरावासाठी तो खिडकीशी स्टुलावर जाऊन बसला. कागद घेऊन मीही बसलो. शाळेत याच विषयात मी काठावर पास झालो होतो. तो जुना हिशेब चुकता करावा, एवढाच हेतू!

पहिले चार दिवस पेन्सिल. पेन्सिल कडा पाहायला शिकवते. तांब्याच्या तोंडाची कड चपटी दिसते आणि बुडाची त्याहून गोलसर, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असते. मी मात्र बूड सरळ रेघेने कापून टाकले होते.

"बाबा, तुम्ही माहीत असलेला तांब्या काढताय, दिसणारा नाही," कन्या म्हणाली. मी मुकाट्याने रबर हाती घेतले.

पाचव्या दिवशी कोळसा आला. झाडाच्या बारीक काड्या हवा न लागू देता भाजून या कांड्या करतात. त्यांना पेन्सिलीसारखे टोक राहत नाही. म्हणून रेघांचा नाद सोडून उजेड आणि अंधार यांकडेच पाहावे लागते. डोळे बारीक करून मी सावली भरू लागलो, तो तांब्याच्या पोटावर भलत्याच जागी काळा डाग! पुसला, तरी समोर तो होताच. जवळ जाऊन बोट फिरवले. चांगला रुपयाएवढा पोचा पडला होता. चार दिवस पेन्सिल घासूनही तो मला दिसला नव्हता.

मग बोरू. शाई काही खोडता येत नाही. तेव्हा बोरू टेकवण्याआधी दुप्पट वेळ पाहावे लागते. रविवारी दुपारी आई त्याच तांब्यातून पाणी ओतून घेत होती. म्हटले, हिचाच हात काढावा.

"आई, जरा अशीच थांब."

पाहतो तर तांब्या तिने दोन्ही हातांनी धरलेला. उजव्या हाताची दोन बोटे वाकलीच नव्हती.

"हे कधीपासून?"

"झाले की चार-सहा महिने. तीनदा पडला हातून. तू कामात असतोस, तुला कशाला सांगायचे?"

आणि मी रोज तिच्याच हातचा चहा पीत होतो!

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. सांधे आखडलेत, औषध आणि बोटांचा व्यायाम सुरू आहे. पाण्याला आता कानाचे हलके भांडे आणले. पोचा ठोकून घ्यायला मी निघालो, तर कन्येने अडवले, "राहू द्या बाबा, तिथे सावली छान पडते."

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत घरातले एखादे भांडे समोर ठेवा. पेन्सिलीने काढा, कोळशाने काढा, बोरूने काढा. आणि मग ते भांडे रोज उचलणारा हात काढायला बसा.