आरोग्यचर्चा : डोळे पिवळे झाले म्हणून गोळी सोडू नका



गेल्या पंधरवड्यात बेळगावकडील एका खेड्यातून एका मातेचे पत्र आले. पत्राखाली नाव नाही, आणि ते नाही हेच बरे. त्यांचा थोरला मुलगा गेली नऊ वर्षे एच.आय.व्ही. ह्या विषाणूवरील गोळ्या सरकारी केंद्रातून आणून घेत आहे. मध्यंतरी कामानिमित्त परगावी असताना त्याच्या गोळ्या वारंवार चुकल्या, आणि पहिल्या औषधांचा गुण ओसरला. म्हणून मागील वर्षी डॉक्टरांनी औषध बदलून दिले. तेव्हापासून त्याची भूक सुधारली, वजन वाढले. परंतु डोळ्यांत पिवळी झाक आली. शेजारणी म्हणू लागल्या, “ही कावीळ आहे, उतरवून घ्या.” कोणी झाडपाल्याचे औषध सुचविले. मुलगाही आता म्हणतो की, “आई, ह्या गोळ्यांनीच माझे यकृत बिघडविले, मी त्या सोडतो.” पत्राच्या शेवटी ही माउली विचारते : “मी त्याला काय सांगू? आणि शेजारणींना काय सांगू?”

प्रश्न एका घरचा असला तरी अशी घरे एकाहून अधिक आहेत. म्हणून आज त्याचाच विचार करू. प्रथम उत्तर सांगतो, कारणे मागाहून. माउली, डॉक्टरांना विचारल्यावाचून एक दिवसही गोळी बंद होऊ देऊ नका. मुलाला घेऊन ह्याच आठवड्यात केंद्रात जा, आणि डोळे दाखवा.

आता कारणे. आपल्या शरीरात रोगाशी झुंजणाऱ्या काही पांढऱ्या पेशी असतात. एच.आय.व्ही.चा विषाणू नेमका त्यांतच शिरतो आणि त्यांच्याकडूनच आपली संतती तयार करवून घेतो. ही संतती तयार होते ती मात्र एकदम नव्हे. प्रथम प्रथिनांची एक लांबच लांब साखळी निघते. ती योग्य ठिकाणी कातरली गेली, म्हणजेच तिच्या तुकड्यांतून नवा, धडधाकट विषाणू उभा राहतो. कातरण्याचे हे काम प्रोटीएज नावाचे विषाणूचे स्वतःचे एक विकर करते.

घरातील अडकित्ता डोळ्यांसमोर आणा. दोन पाती मिळून सुपारी कातरतात. हे प्रोटीएजही दोन सारख्या भागांचे बनलेले आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये कातरण्याची जागा आहे. अडकित्त्याच्या पात्यांत खडा अडकवून ठेवला, तर सुपारी कातरणार कशी? प्रोटीएजला अडविणारी औषधे, म्हणजेच प्रोटीएज इनहिबिटर, हेच करतात. ती त्या जागी जाऊन बसतात. साखळी अखंड राहते, आणि पेशीतून जे विषाणू बाहेर पडतात ते अपुरे, नव्या पेशीत शिरण्यास असमर्थ असे असतात. विषाणू ह्याने समूळ नाहीसा होत नाही. त्याची वाढ मात्र खुंटते, आणि शरीराला पुन्हा उभे राहण्यास अवसर मिळतो.

ही औषधे हाती येण्यापूर्वीचा काळ आठवला म्हणजे त्यांचे मोल कळते. ह्या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत १९८१ साली झाली. विषाणूचा शोध १९८३ साली पॅरिसमध्ये लागला. आपल्या देशात तो १९८६ साली मद्रासमध्ये आढळला. १९८९ साली गोव्यातील पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाची हकीकत तर गोमंतकीयांच्या स्मरणात असेल. तो रक्तदान करणारा मनुष्य. त्याच्या रक्तात विषाणू आढळला, तेव्हा त्या वेळच्या कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्याला नेले, आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. सुटून आल्यावर त्याने आपल्यासारख्यांसाठी काम उभारले; पण १९९२ च्या मे महिन्यात त्याचा अंत झाला. प्रोटीएज अडविणारे पहिले औषध, साक्विनाविर, अमेरिकेत मंजूर झाले ते डिसेंबर १९९५ मध्ये. साडेतीन वर्षांचे अंतर! मागोमाग १९९६ च्या मार्चमध्ये रिटोनाविर व इंडिनाविर ही दोन औषधे आली. निरनिराळ्या प्रकारची तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार सुरू झाला, आणि १९९६ च्या मानाने १९९७ साली अमेरिकेतील ह्या रोगाच्या मृत्यूंचे प्रमाण ४७ टक्क्यांनी उतरले. मरणाच्या वाटेवरील माणसे अंथरुणातून उठून कामावर जाऊ लागली.

त्या प्रारंभीच्या औषधांचा जाच मात्र फार होता. इंडिनाविर दर ८ तासांनी, तेही रिकाम्या पोटी घ्यावे लागे. पाणी पुष्कळ प्यावे लागे, नाहीतर मूतखडा होई. पुढे एक युक्ती सापडली. आपले यकृत ही औषधे फार लवकर मोडून टाकते. रिटोनाविरच्या अंगी यकृताचे हे काम मंदावण्याचा गुण आहे. तेव्हा ते थोडेसेच देऊन जोडीच्या औषधाचा रक्तातील मुक्काम वाढविता येतो. आज पुष्कळांना अटाझानाविर ३०० मिलिग्रॅम आणि रिटोनाविर १०० मिलिग्रॅम अशी जोडी दिवसातून एकदाच, जेवणाबरोबर देतात. तिच्यासोबत निराळ्या प्रकारची आणखी औषधे असतातच. ही जोडी एकटी पुरी पडत नाही.

आपल्या देशात सरकारने ह्या रोगावरील औषधे विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ पासून आरंभ केला. पहिल्या औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी दुसऱ्या फळीची औषधे २००८ पासून मिळू लागली. नव्या रुग्णांना आता बहुधा डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी देतात. प्रोटीएज अडविणारी औषधे मुख्यतः दुसऱ्या फळीत वापरली जातात. पत्रलेखिकेच्या मुलाचे औषध ह्याच फळीतले दिसते.

आता पिवळ्या डोळ्यांकडे वळू. रक्तातील तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, तेव्हा बिलिरुबिन नावाचे एक पिवळे द्रव्य उत्पन्न होते. यकृत त्याचे रूप पालटून ते पित्तावाटे बाहेर टाकते. अटाझानाविर हे रूपांतराचे काम काहीसे रोखते. त्यामुळे पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि डोळ्यांत दिसू लागते. कित्येकांना असे होते. यकृताच्या पेशींना ह्यात इजा झालेली नसते. औषध बदलले की पिवळेपणा आपोआप जातो. कावीळ झाल्यासारखे दिसते, परंतु नेहमीच्या काविळीचा हा रोग नव्हे. म्हणून ती उतरविण्याचा प्रश्नच येत नाही.

तथापि पिवळा डोळा दर वेळी निरुपद्रवी असतो, असे कोणी समजू नये. ताप, उलट्या, पोटात उजव्या बाजूस दुखणे, अन्नावरील वासना उडणे, लघवी गडद होणे, अंगास खाज सुटणे ही लक्षणे असतील तर खरीखुरी कावीळ असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोहोंतील भेद नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. रक्त तपासूनच कळतो. म्हणूनच आरंभी म्हटले की केंद्रात जा. यकृत ठीक आहे असे दिसले, तर डॉक्टर तेच औषध चालू ठेवतील. लोकांच्या नजरेमुळे मुलाला घराबाहेर पडणेच नकोसे झाले असेल, तर तेही संकोच न करता सांगावे. त्याच प्रकारचे दुसरे औषध देता येते. कंबरेतून कळ येऊन लघवीत रक्त दिसले तर तेही सांगावे, कारण ह्या औषधानेही क्वचित मूतखडा होतो.

झाडपाल्याविषयी म्हणाल तर, ज्याचे घटक ठाऊक नाहीत असे औषध यकृतावर उलटू शकते, आणि ह्या गोळ्यांशी त्याचे जमते की नाही हे सांगता येत नाही. गावच्या दुकानातील साध्या गोळ्यांविषयीही सावध असावे. अटाझानाविर अंगी लागण्यासाठी जठरात आम्लाची गरज असते. आंबट ढेकरांवर घेण्याच्या पित्तशामक गोळ्यांनी ते आम्ल कमी होते, आणि औषध वाया जाते. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषधही ह्याचे बळ फार घटविते. अशा वेळी डॉक्टर निराळे औषध योजतात. दम्याचा फवारा चालू असेल तर तोही दाखवावा. थोडक्यात, कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी केंद्रात विचारावे.

उपवासाविषयी एक शब्द. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावयाची असते. राखेच्या बुधवारी किंवा उत्तम शुक्रवारी उपास म्हणून जेवण टाळले, आणि जेवण नाही म्हणून गोळीही टाळली, असे घडू शकते. आजाऱ्यांना उपवासाच्या बंधनातून सूट आहे. तेव्हा मुलाने त्या दिवशीही थोडे जेवून गोळी घ्यावी; त्यात दोष नाही.

गोळ्या एकाएकी सोडल्या तर काय होते? विषाणू शरीरात दडून राहिलेलाच असतो. काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो. कधी घेतली, कधी चुकली असे झाले, तर तो औषधाला दाद देईनासा होतो. पहिल्या फळीचे हेच झाले. दुसऱ्या फळीच्या पुढे वाटा थोड्या आहेत, आणि त्या अधिक अवघड आहेत. उलट, गोळ्या नेमाने घेतल्या आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर मनुष्य दीर्घकाळ जगतो, शेतीवाडी करतो. इतकेच नव्हे, तर विषाणू असा दबून राहील तोवर पतीपासून पत्नीस अथवा पत्नीपासून पतीस शरीरसंबंधातून लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, मिठी मारल्याने तर ती कधीच होत नव्हती.

राहिला शेजारणींचा प्रश्न. माउली, त्यांना काही सांगण्यास तुम्ही बांधलेल्या नाही. २०१७ साली ह्याविषयी कायदा झाला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. एच.आय.व्ही. असल्याचे उघड करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि दुसऱ्याची ही गोष्ट त्याच्या संमतीवाचून फोडता येत नाही. “एका औषधाने डोळे पिवळे दिसतात, डॉक्टरांना ठाऊक आहे,” एवढे म्हणा. ते खरेही आहे आणि पुरेसेही आहे. अधिक माहिती हवी असल्यास १०९७ ह्या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो.

आणि शेजारणींनाही एक विनंती. कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर काळजीने विचारावे, “डॉक्टरांना दाखवलेस का?” त्यापुढे चौकशी करू नये. पर्ऱ्याच्या त्या तरुणाला औषध मिळाले नाही, कारण ते तेव्हा नव्हतेच. आज ते आहे, फुकट आहे, आणि तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या गावी मिळते. अंगणातल्या बोलण्यापायी ते कोणाच्या हातून सुटू नये, एवढेच मागणे.